चारशे सतरा की चारशे अठरा

कामिनोसे,
नोव्हेंबरचा शेवटचा रविवार

आदरणीय ताईस,

धाकट्या किन्झोचा, गुडघे दुखत असूनही पूर्ण वाकून नमस्कार.

इकडे परवा डोंगरमाथ्यावर बर्फ दिसलं. तुमच्या हामामात्सुला अजून लोक अंगणात सदरा घालून बसत असतील, बसोत. तुझी कंबर कशी आहे? दाजींनी गोड खाणं सोडलं का, की देवघरात ठेवलेले मांजू अजूनही पूर्वजांच्या आधी तेच संपवतात? तुझी भावजय तोमिए खुशाल आहे. तिने सुकवलेले पर्सिमन वेगळ्या पार्सलने पाठवले आहेत. माझी प्रकृती जानेवारीपर्यंत उत्तम होती. त्यानंतर ती का बिघडली हे सांगण्यासाठीच हे पत्र आहे, आणि कारण तू आहेस.

तुझं नववर्षाचं कार्ड मी जपून ठेवलं आहे. त्यात तू लिहिलंस, "बाबांना जाऊन एकतीस वर्षं झाली, तरी बंदूक अजून त्यांच्याच नावावर आहे. लाज वाटू दे. तुझ्या नावावर करून घे. एकच तर अर्ज आहे." ताई, या वर्षात मी एकोणीस अर्ज भरले. त्यातल्या दोन अर्जांत तर मी स्वतःच स्वतःविरुद्ध उभा होतो, ते पुढे येईलच.

मी मुकाट्याने देवघराचा खण उघडला. त्यात तुझ्या नि माझ्या जन्मापासून जपलेल्या नाळेच्या डब्यांखाली बाबांच्या बंदुकीचं नोंदणीपत्र होतं, शोवा सव्वीस, म्हणजे एकोणीसशे एकावन्न सालचं, घडीवर फाटलेलं. (तुझी डबी माझ्या डबीपेक्षा मोठी आहे. हे मला बहात्तराव्या वर्षी कळावं!) त्यावर लिहिलं होतं: तोड्याची बंदूक, एक, लांबी शहाण्णव सेंटिमीटर, नळीवरची खूण "जिन्शिन, चारशे सतरा, चिकुमा प्रांत". आता तुला वाटेल, झालं की. मलाही वाटलं. अर्जात लांबी लिहायची होती म्हणून मी तोमिएच्या शिवणाच्या टेपने बंदूक मोजली. एकशे पाच भरली. मी टेपला नावं ठेवली, तोमिएने मला ठेवली. मग सुताराची लोखंडी पट्टी आणली. एकशे पाचच. मी भाबडेपणाने शिक्षण खात्याला फोन लावला. (जुन्या बंदुका शिक्षण खात्याकडे का, हे मला विचारू नकोस. आपण शाळेत होतो तेव्हा कुणी हातात दिली नाही.)

फोनवरच्या बाई नुकत्याच शाळेच्या जेवणाच्या विभागातून बदलून आल्या होत्या. मी विचारलं, "बंदूक सत्तर वर्षांत नऊ सेंटिमीटर वाढते का हो?"

त्या म्हणाल्या, "आमच्याकडे तशी नोंद नाही. नळीवरची खूण वाचून दाखवा."

मी त्यांना कागदावरचीच वाचून दाखवली. त्या म्हणाल्या, "चिकुमा नावाचा प्रांत नाही."

"आता नाही, पण दीडशे वर्षांपूर्वी होता. आपण तेव्हा त्यातच होतो."

"मग तिथे चौकशी करा," असं म्हणून त्यांनी फोन ठेवला. दहा मिनिटांनी त्यांचाच परत फोन आला, कुणा वरिष्ठांनी कान उपटले असावेत. आवाज नरम होता, पण मागणी वाढली होती. मेइजीच्या पाचव्या वर्षी, म्हणजे जिन्शिन साली, सरकारने घरोघरच्या बंदुका गोळा करून प्रत्येकीच्या नळीवर सालाचं नाव, क्रमांक आणि प्रांत कोरला. तीच तिची खरी ओळख. तेव्हा कागदावरची नको, नळीवरची खूण वाचा आणि कळवा, असं त्यांनी सांगितलं.

नळीवर, ताई, तुला आठवतच असेल, चुलीच्या धुराचा सत्तर वर्षांचा थर आहे. तो पुसल्यावर खाली गंज निघाला, आणि गंजाखालून "जिन्शिन" आणि "चारशे" इतकं दिसलं. मग सतरा-अठरातलं "दहा". आणि त्यापुढचं शेवटचं अक्षर सात की आठ, हे काही केल्या कळेना. कोरलेला सात म्हणजे आडवी रेघ आणि तिला छेदून खाली येऊन वळलेला फराटा. आठ म्हणजे एकमेकांकडे पाठ फिरवलेले दोन फराटे. ("तू आणि होरागुची," तोमिए म्हणाली. शेजारच्या यासाकु होरागुचीशी माझं बोलणं अकरा वर्षं बंद आहे हे तुला मी कळवलं होतं; आपल्या छपरावरचं बर्फ घसरून त्याच्या लाल सलगमाच्या लोणच्याच्या पिंपांवर पडलं, आणि मी छपराचा उतार मुद्दाम तसा करून घेतला असं तो गावभर म्हणाला. गावाची घरोघर फिरणारी सूचनांची पाटी तो अजून आमच्या दाराच्या कडीला अडकवून जातो, हाक न मारता.) मला तो सातच दिसत होता, कारण कागदावर सात होता. तोमिएला आठ दिसत होता, कारण मी सात म्हणत होतो.

आता मी जे केलं ते कबूल करतो. सात नीट दिसावा म्हणून मी तोमिएची भांडी घासायची तारेची घासणी घेऊन परसात बसलो. चार हात मारले असतील, तेवढ्यात गावातल्या चौकीचे नोकुबी साहेब सायकलवरून फाटकात आले. खात्याने त्यांना कळवलं होतं. ताई, एका माणसाने एका बंदुकीवरचा क्रमांक तारेने घासत असताना पोलीस येणं, याला काय म्हणायचं? मी घाईत घासणी पाठीमागे लपवली. ती तर आणखी वाईट चूक.

नोकुबी साहेब तसे सज्जन. त्यांनी चहा घेतला, टोपी गुडघ्यावर ठेवली आणि शांतपणे समजावलं की कागदावरची बंदूक माझ्याकडे नाही आणि माझ्याकडची बंदूक कागदावर नाही. तेव्हा पहिलीसाठी हरवल्याचा अर्ज द्यायचा, दुसरीसाठी सापडल्याचा.

मी म्हटलं, "साहेब, बंदूक एकच आहे. ती घराबाहेर कधी गेलीच नाही."

"जी गेली नाही ती कुठली?"

"ही."

"हिचा कागद?"

"तो दुसरीचा आहे, असं तुम्हीच म्हणता."

"मग दुसरी कुठे आहे?"

असं आम्ही तीनदा फिरलो. चौथ्या फेरीला तोमिए आत निघून गेली आणि आतून हसण्याचा आवाज आला. शेवटी मी दोन्ही अर्ज भरले. हरवली: उशिमारू किन्झो. सापडली: उशिमारू किन्झो. कुठे हरवली, बैठकीच्या खोलीत. कुठे सापडली, बैठकीच्या खोलीत. नोकुबी साहेबांनी दोन्हींवर शिक्के मारले आणि जाताना बजावलं की हरवलेली शोधायचा प्रामाणिक प्रयत्न करा. मी चार दिवस माळा, कोठार, तळघर उपसलं. तुझी शाळेतली स्लेट सापडली, ठेवून घेतली आहे.

नळीवरच्या अक्षराचा निकाल लावायला खात्याने नाव सुचवलं, आणि ते ऐकून मी आपोआप ताठ बसलो. त्सुझुकु बाई! तुला त्या शिकवायला नव्हत्या, नशीबवान आहेस. मला तिसरीला होत्या. आता पंचाऐंशीच्या आहेत, जुनी कोरीव अक्षरं वाचण्यात त्यांच्याइतकं जाणकार खोऱ्यात कुणी नाही, आणि त्या आल्या त्या घासणीबद्दल आधीच ऐकून. (नोकुबी साहेबांची आई आणि त्या एकाच गरम झऱ्यावर जातात.) त्यांनी चष्मा पुसला आणि नळी उजेडात फिरवून पाहिली. मग म्हणाल्या, "किन्झो, गंज हा शत्रू नसतो. अडाणी हौशी माणूस असतो." मी बहात्तर वर्षांचा, दोन नातवंडांचा आजोबा, चाळीस वर्षं या घाटात एकही अपघात न करता बस चालवलेला माणूस, खाली मान घालून उभा राहिलो.

पण हात काय त्यांचा! पातळ कागद ओलसर करून नळीवर बसवला, शाईच्या गादीने हलकेच टिपत गेल्या, आणि घासून-गंजून जे डोळ्यांना दिसत नव्हतं ते कागदावर पांढरं उमटलं. जिन्शिन. चारशे दहा. चिकुमा. आणि दहापुढे, एकमेकांकडे पाठ केलेले दोन फराटे.

"आठ," बाई म्हणाल्या. "तिसरीतही तू आठाचा सात करायचास, पाढे सोपे जावेत म्हणून."

चारशे अठरा. म्हणजे ही बंदूक बाबांच्या कागदावरची नव्हेच. बाईंनी तिथेच न थांबता दुसऱ्या दिवशी जिन्शिन सालच्या नोंदवहीची आपल्या गावापुरती नक्कल शोधून काढली आणि मला वाचून दाखवली. चारशे सतरा: उशिमारू किन्बेइ, म्हणजे आपले खापरपणजोबा. चारशे अठरा: होरागुची योसोबेइ. शेजारी राहायचे, रांगेतही शेजारीच उभे राहिले असणार.

ताई, मी त्या रात्री जेवलो नाही असं लिहिणार होतो, पण तोमिए हे पत्र वाचते. कमी जेवलो. बाबा दर नववर्षाला ही बंदूक खाली उतरवायचे, नळीवरची चांदीची वेल दाखवायचे आणि म्हणायचे, "किन्बेइंनी याच नळीने ते अस्वल मारलं, ज्याच्या भीतीने सबंध गाव दोन हिवाळे जंगलात गेलं नव्हतं." आपण दोघं गुडघ्यांवर बसून ऐकायचो. ती नळी होरागुचींची!

तीन दिवस मी काहीच केलं नाही. चौथ्या दिवशी तोमिएने तांदळाच्या कुरकुरीत पापड्यांचा डबा माझ्या हातात दिला आणि मला दाराबाहेर काढलं. वीस पावलं आहेत. अकरा वर्षांत मी ती चाललो नव्हतो.

यासाकुने दार उघडलं. म्हातारा झालाय गं. बायको गेल्यापासून एकटाच आहे, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. मला बघून म्हणाला, "बर्फाबद्दल आलायस?"

"नाही, बंदुकीबद्दल."

"माझ्यावर झाडायची आहे का?"

"तुझी कुठे आहे ती दाखव आधी."

त्याला वाटलं मी वेडा झालोय, पण आत घेतलं. त्याच्या बैठकीत बंदूक आडवी टांगलेली, बाजूला नोंदणीपत्र चक्क काचेच्या चौकटीत. कागदावर: लांबी एकशे पाच, खूण चारशे अठरा. मी खिशातून सुताराची पट्टी काढली. (होय, घेऊन गेलो होतो.) त्याची बंदूक शहाण्णव भरली. नळीवर, कधी तार न लागलेल्या नळीवर, स्वच्छ, ठसठशीत सात!

आम्ही दोघं खाली बसलो. शोवा सव्वीसमध्ये शाळेच्या सभागृहात नोंदणी झाली, तेव्हा गावातल्या सगळ्या बंदुका चटईवर ओळीने मांडल्या होत्या, हे त्यालाही घरी ऐकून माहीत होतं. अधिकाऱ्यांनी मोजल्या, खुणा वाचल्या, कागद बरोबर लिहिले. फक्त उचलताना बाबांनी होरागुचींची उचलली आणि त्याच्या वडिलांनी आमची. कागद आपापले, बंदूक एकमेकांची. आणि तेव्हापासून दोन्ही घरांनी कागद जपून ठेवला आणि बंदुकीचा अभिमान बाळगला. दोन्ही एकमेकांसमोर धरून कुणी पाहिलंच नाही.

यासाकुने माझी पट्टी उचलून तिची दोन्ही टोकं निरखली. मग म्हणाला, "आणि अस्वल?"

मी म्हटलं, "कुठलं अस्वल?"

"आमच्या योसोबेइंनी मारलेलं. याच बंदुकीने."

"ते आमच्या किन्बेइंनी मारलं!"

"कुठल्या बंदुकीने?"

इथे मी आमच्या घराकडे बोट केलं आणि ते मागे घेतलं. कारण आमच्या घरातल्या बंदुकीने मारलं म्हणावं, तर ती त्यांची. त्यालाही तेच कळलं; त्याच्या घरातल्या बंदुकीने मारलं म्हणावं, तर ती आपली. म्हणजे स्वतःचा अभिमान खरा मानायचा तर अस्वल समोरच्याला द्यावं लागतं. असा पेच कुठल्या शहाण्या घरात पडत नसेल. तासभर भांडलो. लोणचं काढलं त्याने, आणि भांडताना मी ते अख्खं संपवलं. ताई, माणूस कसाही असो, लोणचं त्याचं अजून तसंच आहे.

पुढचं भराभर सांगतो. खात्याने फर्मावलं की दोन्ही बंदुका तपासणीच्या दिवशी प्रत्यक्ष आणा. नोकुबी साहेबांनी प्रवासाच्या चिठ्ठ्या दिल्या. मी यासाकुला म्हटलं, माझ्या गाडीतून चल, तुझ्या अधू डोळ्यांनी घाट उतरलास तर तुझीही बंदूक वारसाच्या नावावर करावी लागेल. तो आला. तपासणीला मागारिओ नावाचे वृद्ध परीक्षक होते, भिंग डोळ्याला बांधल्यासारखे. त्यांनी चारशे अठरा हातात घेतली आणि त्यांचा चेहराच बदलला. वेल अस्सल चांदीची, नळी नामांकित घडणीची, छिद्र वापराने रुंदावलेलं, बंदूक कामाची, शिकाऱ्याची. मग चारशे सतरा घेतली. ती म्हणजे आपली. नळीतून एका डोळ्याने पाहिलं, दुसऱ्याने पाहिलं. मला विचारलं, "घराण्यात शिकार होती का?"

मी छाती पुढे काढून म्हटलं, "अस्वल मारलं होतं."

ते फार सभ्य माणूस. म्हणाले, "अस्वल अगदी स्तब्ध बसलं असेल. नळीला बाक आहे."

यासाकु हसला नाही. हे मी तुला मुद्दाम लिहितो. त्याला हसायचा पूर्ण हक्क होता; अकरा वर्षांच्या लोणच्याची भरपाई त्या एका क्षणात होत होती. तो माझ्याकडे न बघता खिडकीबाहेर पाहत राहिला.

परत येताना घाटात मीच विषय काढला. म्हटलं, "नऊ सेंटिमीटरचा फरक, वर चांदीची वेल. तुझ्या वडिलांना कळलं नाही?"

तो म्हणाला, "ते मरेपर्यंत म्हणत होते, बंदूक आखडली. वेल झडली. आम्ही म्हणायचो, म्हातारपण आहे. आई तर त्यांना गप्प बसवायची, पाहुण्यांसमोर असलं बोलू नका म्हणून." थोड्या वेळाने म्हणाला, "बरोबर बोलत होते की रे ते."

गाव येईपर्यंत मी प्रत्येक वळण नेहमीपेक्षा हळू घेतलं.

बंदुका आम्ही त्याच संध्याकाळी ज्याच्या त्याला दिल्या. आता आपल्या बैठकीत चारशे सतरा टांगली आहे: आखूड, बाकदार, दस्त्याला तडा. नवा कागद माझ्या नावाचा आला, सगळं जुळतं, एक सेंटिमीटर इकडे नाही की तिकडे. तुझं काम झालं. "एकच अर्ज" झाला. पुन्हा कधी कुठल्या वस्तूची कागदपत्रं सुधारायची इच्छा झाली, तर कृपा करून दाजींच्या घराण्यातली निवड.

दाजींना माझा नमस्कार, मुलांना आशीर्वाद. थंडीत गरम पाण्याची पिशवी वापर, ती नुसती कपाटात शोभेला ठेवू नकोस.

तुझा त्रासलेला धाकटा भाऊ,
किन्झो

ता. क. पर्सिमनवर पांढरी भुकटी दिसेल ती बुरशी नव्हे, साखर आहे. दाजींना मात्र बुरशी म्हणूनच सांग.

ता. क. यासाकु आता रोज दुपारी चहाला येतो. छपराच्या त्या बाजूला मी बर्फ अडवायची लाकडं ठोकून घेतली. तो म्हणतो उतार अजूनही मुद्दामच केलेला आहे. त्याची नजर गेलीच आहे जवळपास, म्हणून टपाल आलं की तोमिए मोठ्याने वाचते आणि तो ऐकतो. तुझी पत्रंसुद्धा, अगदी मन लावून.

शेवटचा ता. क. आता ज्यासाठी हे सगळं लिहिलं ते विचारतो. नोंदणीच्या दिवशी मी जन्मलोही नव्हतो, पण तू सहा वर्षांची होतीस आणि बाबांचं बोट धरून शाळेत गेली होतीस. आई नेहमी सांगायची. बाबांनी ती बंदूक उचलली तेव्हा तू शेजारी होतीस. ताई, त्यांना माहीत होतं का? चटईवर दोन बंदुका शेजारी, एकीवर चांदीची वेल, आणि त्यांचा हात कुठे गेला, चुकून की बघून? तुला आठवत असेल आणि चुकून गेला असेल, तर लवकर लिही, सविस्तर लिही, यासाकुला ऐकवता येईल असं लिही. बघून गेला असेल, तर "आठवत नाही" एवढंच लिही आणि लगेच दाजींच्या तब्येतीवर ये. पण खरोखरच आठवत नसेल, तर काय लिहायचं हे मला महिनाभर सुचलेलं नाही. तू थोरली आहेस. तूच ठरव.